पाठक दिनदर्शिका, आवृत्ती दुसरी

"मागची तारीख टाकली का चालू होते, बाबूजी. आजची टाकली का मरते."

फोनवरच्या बाईने हे इतक्या सहज सांगितलं की विनायक पाठकांना आधी रागच आला. बिघाड काय आहे हे सांगणं त्यांचं काम होतं, तिचं नव्हे.

"मागची म्हणजे कुठली?"

"दोन हजार आठची कोनतीबी. एकतीस डिसेंबर टाकली तरी चालते. एक जानेवारी टाकली का इंग्रजीत काहीतरी लिहून येते, अन् ओके दाबलं का सगळं बंद. मी आठ-दहा डाव करून पाह्यलं. कॉम्प्युटर बिघडला नही. तुमचं कॅलेंडरच बिघडलं."

"लिहून काय येतं?"

"रन टाइम एरर, नऊ." मग ती अडखळत, अक्षरं जुळवत वाचू लागली. "सब... स्क्रिप्ट... आऊट ऑफ रेंज."

"कोण बोलताय?"

"आशाबाई. बहादरपूरहून. कौतिक महाजनची घरवाली. नंबर तुमच्या कॅलेंडरातच होता खाली, तिथून घेतला."

"उद्या येतो," असं म्हणून पाठकांनी फोन ठेवला. हा फोन येणार हे त्यांना दहा वर्षांपासून माहीत होतं. तो अशा बाईचा येईल, आणि एकच येईल, हे मात्र माहीत नव्हतं.

पाठक पूर्वी सरकारी बांधकाम खात्यात वरिष्ठ लिपिक होते. कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला त्या दिवशी साहेबांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि वर कापड टाकून ठेवलं. ते कापड काढलं पाठकांनी. इंदूरहून पुस्तकं मागवून ते एकटेच प्रोग्रॅम लिहायला शिकले. कुणाला विचारावं असं कार्यालयात कुणी नव्हतं, आणि बुऱ्हाणपुरातही नसावं अशी त्यांची खात्री होती. शेजारच्या टेबलावरचे वामनबाबू रजेचे दिवस बोटांवर मोजायचे आणि मध्ये फेब्रुवारी आला की गोंधळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. अशा माणसांत पाठकांनी एकतीस वर्षं काढली.

चार वर्षं खपून त्यांनी दिनदर्शिका केली. कॉम्प्युटर सुरू झाला की पडद्यावर आजची तारीख, वार, मराठी महिना आणि तिथी. खाली त्या दिवसाची नोंद लिहायला जागा. तिथीचं सगळं गणित त्यांनी स्वतः मांडलं होतं आणि १९९९ ते २००८ अशा दहा वर्षांचा तक्ता आत बसवला होता. 'दिवस मोजा' नावाचं एक बटणही होतं. कुठल्याही तारखेपासून आजपर्यंत किती दिवस झाले ते त्यावर कळायचं. ते त्यांनी एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, वामनबाबूंसारख्यांसाठी टाकून दिलं होतं. तिथ्यांच्या त्या कामाशेजारी हे पोरकट बटण असल्याची त्यांना थोडी शरमच वाटायची.

तीन-तीन फ्लॉप्यांचे सत्तर संच त्यांनी गावात वाटले. शाळांना, बँकांना, वकिलांना, दवाखान्यांना, सोसायट्यांना. फुकट. विकणं हे दुकानदाराचं काम. लोकांनी संच घेतले, "वा, पाठकबाबू, कमाल आहे," म्हणाले, चहा पाजला. दहा वर्षांनी तक्ता संपल्यावर काय, हे एकानेही विचारलं नाही. मग पाठकांनीही सांगितलं नाही.

निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत त्यांनी पुढचा तक्ता केला, २००९ ते २०१८. दिवाळीतच सीडी तयार होती. त्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : पाठक दिनदर्शिका, आवृत्ती दुसरी. ती तेव्हाच वाटता आली असती. पण त्यांनी कपाटात ठेवली. एक जानेवारीला सत्तर ठिकाणी एकदम बंद पडू दे. मग येतील नाक घासत.

एक जानेवारीला ते इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळ बसले.

"कुणी यायचंय का?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"येतील."

कुणी आलं नाही. दोन तारखेला फोन एकदा वाजला. कुणालातरी गॅस एजन्सी हवी होती. तीन तारखेला सकाळी पाठक शनवारा भागात नंदकुमारच्या दुकानात गेले. गावातल्या निम्म्या कार्यालयांचे कॉम्प्युटर हा नंदकुमार दुरुस्त करायचा. पाठकांच्या मते तो स्क्रू फिरवणारा हमाल होता.

"माझ्या दिनदर्शिकेची काही तक्रार आली का रे तुझ्याकडे?"

"कौनसी, सर?" नंदकुमार एका उघड्या डब्यात डोकं घालून बसला होता. "अच्छा, वो तिथीवाली! वो तो मीच काढली सगळीकडून. बुऱ्हाणपूर जिल्हा झाला तेव्हा नवीन मशीनं आली ना, सगळे फॉरमॅट मारले. पाच साल हो गए."

"आणि लोकांनी परत मागितली नाही?"

"किसी ने पूछा भी नहीं, सर." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, डोकं बाहेर काढून तो म्हणाला, "अच्छी थी वैसे."

"तू उघडून पाहिली होतीस?"

"नहीं सर, टाइम कुठे असतो."

पाठक घरी आले, जेवले नाहीत, आणि दुपारी आशाबाईचा फोन आला.

"चला, एक तरी आला," निर्मलाबाई म्हणाल्या.

"सत्तर संच वाटले मी. डॉक्टर, वकील, प्राचार्य. आणि उरलं कोण? बहादरपूरची एक शेतकरीण. तिथी शब्द तरी लिहिता येतो का तिला?"

"मग जाऊ नका."

"जाईन," पाठक म्हणाले. "माझं काम अर्धवट राहिलं असं कुणी म्हणायला नको."

चार तारखेला सकाळी सीडी कोऱ्या पाकिटात घालून ते टेम्पोत बसले. शेजारच्या माणसाच्या मांडीवर केळीच्या पानांचा भारा होता आणि त्याचं पाणी पाठकांच्या पँटवर गळत होतं. त्यांनी पाय आखडून घेतले. अशा लोकांना सांगून काही उपयोग नसतो.

महाजनांचं घर गावाच्या टोकाला होतं. मागच्या दारापासूनच केळीच्या बागा सुरू होत होत्या. आशाबाई पंचेचाळिशीची असावी. तिने हात पदराला पुसले, पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्यांना मधल्या खोलीत नेलं. एका भिंतीला खताची पोती रचलेली, दुसऱ्या भिंतीला कॉम्प्युटर. पिवळा पडलेला, जाडजूड. कीबोर्डवरची अक्षरं झिजून गेली होती, तिथे तिने नेलपॉलिशने नवी काढली होती.

"हा कुठून आणला?"

"सोसायटीनं भंगारात काढला होता. यायनं बैलगाडीत घालून आनला," तिने दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे मान हलवली. कौतिक महाजन हसला. "पोराइले शिकाले होईन म्हनून. पोरं तं नाही शिकले. तुमचं कॅलेंडर आतमंदी होतं, मग मीच दाबून दाबून पाह्यलं. दोन हजार एकपासून आहे माझ्यापाशी."

"शिकवलं कुणी?"

"कोनी नही."

पाठक खुर्चीवर बसले. कॉम्प्युटर चालू केला, दिनदर्शिका उघडली. एरर आली, बंद झाली. मग त्यांनी तारीख मागे नेली, एकतीस डिसेंबर केली. दिनदर्शिका उघडली. बाईने फोनवर सांगितलं त्यात एका अक्षराचाही फरक नव्हता. त्यांनी घसा खाकरला.

"यातला तक्ता आठ सालापर्यंतच आहे. सुरू होताना तो आजची तिथी शोधतो. नऊ सालचं पान त्याला सापडत नाही, म्हणून मरतो. कळलं?"

"कळलं. मले तसंच वाटलं होतं. वही संपली, असंच ना?"

पडद्यावर नोंदींची यादी होती. त्यांना ती वाचायची नव्हती, पण ती संपेचना. *लोटू, नाल्याजवळची, दिवस ३०, खत दिलं. कौतिक, खालची बाग, दिवस २१२, निसवली, घड दिसले. कडू आप्पाची टिश्यूची रोपं आज लावली, दिवस १. वारं आलं, वरच्या बागेतले केळीचे चाळीस खांब पडले. सासूबाई गेल्या. कौतिक, खालची बाग, दिवस ३२१, कापणी.* एक दिवस रिकामा नव्हता. आठ वर्षांत एकही नाही.

"हे सगळं तुमच्याच बागांचं?"

"नही, अकरा घरचं आहे. केळीचं सगळं दिवसावर असते ना, बाबूजी. खत कधी, बुडाशी फुटलेली पील कधी कापाची, घड कधी बाहेर येईन. मानसं विसरून जातात. मी ते बटन दाबते, 'दिवस मोजा', अन् सांगून देते."

तेवढ्यात डोक्याला मफलर गुंडाळलेला एक माणूस मागच्या दारातून थेट आत आला. त्याने पाठकांकडे पाहिलंही नाही.

"वहिनी, झालं का वं चालू? माही नाल्याजवळची किती दिवसाची झाली? खताची गाडी उद्या येऊन राह्यली."

"थांब ना लोटू. हे बाबूजी आले ना त्याच्यासाठीच. अर्ध्या घंट्यानं ये."

"चार दिवस झाले थांबूनच राह्यलो," असं म्हणत लोटू तिथेच खताच्या पोत्यावर बसला.

पाठकांनी पाकिटातून सीडी काढली. वास्तविक काम पाच मिनिटांचं होतं, नवा तक्ता जुन्याच्या जागी ठेवायचा. पण एवढ्या लांब आल्यावर, सगळ्या गावाने पाठ फिरवल्यावर, त्यांना एक वाक्य ऐकायचं होतं. ते ऐकल्याशिवाय सीडी आत घालायला हात होईना.

"आठ वर्षं वापरलीत," ते म्हणाले. "कधी काही अडचण आली?"

"नही, काहीच नही. लई चांगलं आहे. तिथी तेवढी कधी कधी चुकते."

पाठकांनी मान वळवली. "तिथी चुकत नाही."

"थोडीशीच."

"बाई, तिथीचं गणित आहे ते. चार वर्षं लागलीत मला. तुमचं भिंतीवरचं कॅलेंडर चुकलं असेल."

"असन," आशाबाई म्हणाली. तिला वाद घालायचा नव्हता. कौतिकच म्हणाला, "दाखव ना तूनं लिहून ठेवलं ते."

तिने पाठकांच्या खांद्यावरून हात लांबवला आणि शोधायच्या चौकटीत एक शब्द टाइप केला. *चुक*. उकार ऱ्हस्व होता. पडद्यावर यादी आली. खाली आकडा होता, एकसष्ट.

*चुक. इथं अष्टमी, भिंतीवर नवमी. अष्टमी ६.४१ परयंत.*

*चुक. इथं द्वादशी, भिंतीवर त्रयोदशी. द्वादशी ६.५२ परयंत.*

"पहिल्याच साली, पौषात, फरक दिसला," ती सांगू लागली. "मग मले सवय लागली. सकाळी भिंतीवरचं पाहाचं, याच्यातलं पाहाचं, नही जमलं तं लिहून ठेवाचं. टाइमबी लिहिला, भिंतीवर छापलेला असते तो."

पाठक एकेक नोंद वाचत गेले. डिसेंबर, जानेवारी, जानेवारी, फेब्रुवारी, डिसेंबर. सहा एक्केचाळीस. सहा बावन्न. सहा अठरा. आधी त्यांनी तिच्या चुका शोधायचा प्रयत्न केला, शुद्धलेखनाच्या सोडून. त्या सापडल्या नाहीत. जून-जुलैत एखाद-दुसरी नोंद होती. बाकी सगळ्या हिवाळ्यातल्या.

"थंडीतच जास्त चुकते," आशाबाई म्हणाली. "थंडीत सूर्य उशिरा निघते ना, म्हनून असन."

पाठकांचा हात माऊसवर तसाच राहिला.

सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी. हे त्यांना माहीत होतं. सगळं गणित त्यावरच उभं होतं. आणि सूर्योदय त्यांनी सहा वाजता धरला होता. बारा महिने. थंडीत सहानंतर पण सूर्य निघायच्या आत तिथी बदलली, की त्यांचा तक्ता जुनीच दाखवणार. पुस्तकात कुठेतरी सरासरी म्हणून सहा दिलेलं होतं, ते त्यांनी एका ओळीत लिहून टाकलं, नंतर बघू म्हणून. मग चंद्राच्या गतीचं अवघड गणित आलं, त्यात वर्षं गेली. ती ओळ त्यांनी पुन्हा पाहिली नाही. पुढच्या दहा वर्षांचा तक्ता करतानाही नाही. हातातल्या सीडीवर तीन हजार सहाशे बावन्न तिथ्या होत्या आणि त्यातल्या कुठल्या खऱ्या, कुठल्या खोट्या, हे त्यांना या क्षणी सांगता येत नव्हतं.

सत्तर संच वाटले होते. सत्तरांतल्या एकाने जरी रोज सकाळी पडद्याकडे नीट पाहिलं असतं तरी ही चूक पहिल्याच हिवाळ्यात कळली असती.

"फोन का नाही केलात?" त्यांचा आवाज चढला. "आठ वर्षं! नंबर तर समोर होता तुमच्या."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?" आशाबाई गोंधळली. "मले वाटलं, तुमाले किती लोकाइचे फोन येत असतीन. त्याच्यात माहा कुठं."

लोटू पोत्यावरून म्हणाला, "सीडी खराब निघाली का, बाबूजी?"

"सीडी चांगली आहे," पाठक म्हणाले. "तक्ता खराब आहे."

कौतिकला वाटलं आता हे उठून जाणार. पण पाठकांनी सीडी आत सरकवली. दिनदर्शिकेत एक चोरकप्पा होता, त्यांनाच ठाऊक असलेला शब्द टाकला की तक्ता उघडायचा. त्यांनी नवा तक्ता आत घेतला आणि उघडला. तारीख, वार, महिना, तिथी असे चार रकाने. तिथीच्या रकान्यावर त्यांनी वरपासून खालपर्यंत निशाण केलं. दहा वर्षांचा रकाना काळा झाला. मशीन जुनं होतं, त्यालाही वेळ लागला. मग त्यांनी तो पुसला.

तारीख चार जानेवारी दोन हजार नऊ केली आणि दिनदर्शिका चालू केली. ती उघडली. तारीख, वार, पौष. त्याखाली तिथीची चौकट रिकामी होती.

"अहो, काढली का तिथी?" आशाबाई पुढे आली. "राहू द्याची होती ना. मले काही तरास नव्हता तिचा. मी तं भिंतीवरच पाहाते."

"चुकीची होती."

"थोडीशीच होती."

"चुकीची होती," पाठक पुन्हा म्हणाले आणि खुर्चीवरून उठले.

ती बसली. दोन बोटांनी तिने काहीतरी दाबलं. "लोटू, एकशे अठरा झाले."

"मंग बरोबर आहे," लोटू म्हणाला आणि आला तसा मागच्या दाराने निघून गेला. पाठकांच्या चार वर्षांकडे त्यानेही पाहिलं नाही, पण त्याला जे हवं होतं ते घेऊन तो गेला होता. एका रविवारच्या दुपारचं काम.

"ती एकसष्टची यादी मला लिहून द्याल?" पाठकांनी विचारलं.

आशाबाईने घरातली वही आणली. पडद्यावर बघत बघत तिने एकेक ओळ उतरवायला घेतली. अर्धा तास लागला. पाठक ओट्यावर बसून राहिले. कौतिकने चहा आणला, तो त्यांनी प्यायला. जेवायचा आग्रह झाला, त्याला ते नको म्हणाले. निघताना तिने पानं घडी करून दिली आणि म्हणाली, "बाबूजी, अक्षर चांगलं नही माहं."

"वाचता येतं," पाठक म्हणाले.

घरी निर्मलाबाईंनी विचारलं, "झालं का काम?"

"झालं."

"खूश झाली असेल."

"तिला काही फरक पडत नाही," असं म्हणून ते आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पाठक शाल गुंडाळून गच्चीवर गेले. बरोबर मनगटी घड्याळ होतं, रेडिओवर लावून घेतलेलं. गारठा होता. खालच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड आधीपासून चालू होती. ते पूर्वेच्या कठड्याशी उभे राहिले.

सहा वाजले. काही नव्हतं. एका घरातला दिवा, धूर, आणि काळोख. पाठक घड्याळाकडे बघत राहिले. सहा दहा. सहा वीस.

जिन्यावर पावलं वाजली. निर्मलाबाई वर आल्या. "अहो, काय करताय इथे?"

"सूर्य बघतोय."

"एवढ्यात कुठला? या दिवसांत सात होतात त्याला."

पाठक वळले. "तुला कसं माहीत?"

"रोज दूध घ्यायला उठते की मी," त्या म्हणाल्या. "चहा टाकते," म्हणून त्या खाली गेल्या.

पाठक हलले नाहीत. हळूहळू पूर्व पिवळी झाली, मग तापीकडच्या झाडांच्या शेंड्यांवर एक लाल कड वर आली. त्यांनी घड्याळ पाहिलं. सात वाजून चार मिनिटं. खिशातून कोरा कागद काढून त्यांनी कठड्यावर ठेवला, पाच जानेवारी आणि तिच्यासमोर सात-चार लिहिलं, त्याखाली सहा जानेवारी लिहिलं आणि पुढची जागा मोकळी ठेवली.